कडेचा सराटा: सोलापूरच्या पूर्व भागातील एका शाळेच्या सायकलींचे प्रकरण

अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. आठवी ते दहावीच्या मुलींनी शाळेला सायकलवर यावे म्हणून आम्ही काही शिक्षकांनी जून ते एप्रिल असे एक पूर्ण वर्ष जो प्रयत्न केला, त्याची ही नोंद आहे. शाळेचे आणि मुलींचे नाव मुद्दाम दिलेले नाही. नोंद लिहावीशी वाटली, कारण पहिले चार महिने आम्ही मुलींना सायकलचे महत्त्व पटवून देत होतो, आणि ते त्यांना आधीपासूनच पटलेले होते. अडचण कुठे आहे हे आम्हाला शाळेत कळले नाही. ते कोपऱ्यावरच्या पंक्चरच्या दुकानात, एका डबीच्या झाकणात ठेवलेल्या काट्यांवरून कळले.

परिसर

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट अजूनही ऐकू येतो. काही पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेली विणकर कुटुंबे, चादरी आणि टॉवेलचे कारखाने, आणि मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याशी विड्या वळणाऱ्या बायका, असे आमच्या बहुतेक मुलींच्या घरचे चित्र आहे. ब्रँचला, म्हणजे विडी कारखान्याच्या केंद्रावर, विड्या द्यायच्या, पाने आणि तंबाखू घेऊन परत यायचे आणि पुन्हा हजारी, म्हणजे हजार विड्यांचा हिशेब, भरायला बसायचे, या आईच्या दिवसात मुलीला शाळेत सोडून येण्याइतकी फट नसते. बाप कारखान्यात पाळीवर असतो. त्यामुळे मुलगी शाळेत कशी येते, हा घरात रोज नव्याने सोडवायचा प्रश्न असतो.

१८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून पुढे शंभरेक वर्षे हे शहर भोंग्यावर चालले आणि कामगार पायी किंवा सायकलवर पाळीला जात राहिले. १९९२ च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्र कित्येक पटींनी वाढले. कुंभारी येथे २००६ मध्ये विडी कामगार महिलांसाठी १०,००० घरांची वसाहत झाली. पुढे त्याच परिसरात रे नगरची ३०,००० घरांची योजना आली आणि त्यांपैकी १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. हक्काचे घर मिळाले ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु काम, बाजार आणि अनेकींच्या शाळा शहरातच राहिल्या, आणि मधले अंतर ज्याचे त्याने कापायचे, असे झाले. आमच्याकडे येणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींचे घर मात्र दोन ते चार किलोमीटरच्या आत आहे. सावकाश सायकल चालवली तरी हे अंतर पंधरा-वीस मिनिटांचे आहे. शहर बहुतांशी सपाट आहे, दम लागेल असा चढ वाटेत नाही. शहर बस हाताशी नसते, आणि रिक्षाचे महिन्याचे पैसे विडीच्या मजुरीतून काढावे लागतात. सायकलला याहून अनुकूल परिस्थिती कुठे असेल, असे आम्हाला वाटले होते.

फेरी आणि शपथ

संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला. त्या दिवशी आमच्या शाळा उघडलेल्या नसतात, म्हणून आम्ही जूनअखेरच्या शनिवारी फेरी काढली. फलक रंगवले, घोषणा पाठ करून घेतल्या, पर्यावरण आणि आरोग्य यांवर भाषणे झाली आणि शेवटी सर्वांनी 'मी शाळेला सायकलनेच येईन' अशी शपथ घेतली. फेरी चांगली झाली. मुलींच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता. सोमवारी शाळेच्या सायकल स्टँडवर नेहमीचीच एक रांग होती आणि तीही पूर्ण भरलेली नव्हती.

त्यानंतर मी प्रत्येक वर्गात दोन प्रश्न विचारले. घरात सायकल कोणाकोणाकडे आहे, असे विचारल्यावर निम्म्याहून अधिक हात वर आले. आज सायकलने कोण आले, असे विचारल्यावर त्यांतले थोडेच हात वर राहिले. बिहारमध्ये २००६ पासून नववीत गेलेल्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्यात आले. त्या योजनेच्या अभ्यासात मुलींचे माध्यमिक शाळेतील प्रवेश सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे, आणि मुलगे व मुली यांच्या प्रवेशातील तफावत सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. शाळा जिथे लांब होती, तिथे हा परिणाम अधिक होता. तिथे सायकल नसणे हाच अडथळा होता आणि तो दूर झाल्याबरोबर मुली निघाल्या. आमच्याकडे सायकल होती. ती जिन्याखाली होती, मागाच्या खोलीत बॉबिनच्या पोत्यांमागे होती, गच्चीवर पत्र्याखाली होती. त्यामुळे सायकली वाटण्याचा आमचा पहिला विचार, ज्यासाठी आम्ही देणगीदार शोधायलाही निघालो होतो, इथे लागू नव्हता.

सायकल घरी का राहते, असे विचारले की मुली एकच शब्द सांगत: पंक्चर. आम्ही ते कारण म्हणून मनावर घेतलेच नाही. पंक्चर काय, सर्वांचेच होते, असे आम्ही मनात म्हणालो आणि मुलींमध्ये चिकाटी नाही, असा निष्कर्ष काढून मोकळे झालो. हा निष्कर्ष चुकीचा होता, हे मला इथे स्पष्टपणे नोंदवायचे आहे. कारण सायकलच्या प्रचाराचे काम करणारी बरीच मंडळी नेमकी इथेच थांबतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा फेरी काढतात.

झाकणातले काटे

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका मुलीबरोबर मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे लिंबाच्या झाडाला टेकवलेला एक पत्रा, हवेचा पंप, पाण्याने भरलेले घमेले आणि हत्यारांची लाकडी पेटी. मुली त्या दुकानदारांना चाचा म्हणतात. त्यांनी टायरची एक कड पान्याने सोडवली, ट्यूब बाहेर ओढली, हवा भरून घमेल्यात बुडवली आणि फिरवत गेले. एका जागी बुडबुडे आले, मग वीतभर पुढे आणखी एका जागी आले. त्यांनी खुणा केल्या आणि ट्यूब बाजूला ठेवून टायरच्या आतून दोन बोटे अगदी हळू फिरवली. बोट थांबले तिथून चिमट्याने त्यांनी एक काटा काढला आणि पेटीतल्या तंबाखूच्या डबीच्या झाकणात टाकला. झाकणात तसेच पुष्कळ काटे होते.

"हे बघा बाई," ते म्हणाले, "बाभळीचा काटा लांब असतो, तो कधीतरी एखादा येतो. हा सगळा सराटा आहे. रस्त्याच्या मधी सराटा नसतो की. ह्या पोरी कडेनं चालवतात."

सराटा हे जमिनीलगत पसरणारे, पिवळ्या बारीक फुलांचे तण आहे. पावसाळ्यात ते साइडपट्टीच्या मातीवर पसरते, पाऊस सरला की वाळते, आणि त्याची काटेरी फळे फुटून मातीत विखुरतात. फळाचा प्रत्येक तुकडा असा पडतो की त्याचा एक तरी काटा वर राहतो. हे सारे मी वर्षानुवर्षे बीजप्रसाराच्या धड्यात फळ्यावर आकृती काढून शिकवत आले होते. आमच्या शाळेच्या स्टँडशी त्याचा संबंध मात्र मी कधी लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात वेगळा प्रश्न विचारला: तुम्ही डांबरावरून खाली का उतरता? नववीतली एक मुलगी, जी एरवी उत्तर द्यायला उभी राहत नाही, ती म्हणाली, "जड गाडी शेजारून गेली की आत ओढल्यासारखं होतं, बाई. हँडल हलतं. म्हणून आवाज आला की मी आधीच खाली उतरते." तिचे म्हणणे भौतिकशास्त्राला धरून आहे. मोठे वाहन वेगाने जवळून गेले की त्याच्या बाजूने हवेचा दाब बदलतो, सायकल आधी बाहेर ढकलली जाते आणि लगेच वाहनाकडे खेचली जाते. ज्या शरीराने हे रोज अनुभवले आहे, त्याला कोणी सांगावे लागत नाही; ते डांबर सोडते.

एवढे कळल्यावर सगळे धागे एकमेकांत आले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर जिल्ह्यातल्या सगळ्याच रस्त्यांवर येतात; औद्योगिक वसाहतीचे ट्रक तर बारा महिने असतातच. नेमक्या त्याच महिन्यांत साइडपट्टीवरचा सराटा वाळून काट्याला येतो. वाहन मुलीला डांबरावरून खाली ढकलते आणि खाली काटा वाट पाहत असतो. शिवाय डांबराचे थर वर्षानुवर्षे एकमेकांवर चढत गेल्यामुळे रस्ता उंच आणि साइडपट्टी खोल झाली आहे. खाली उतरलेली सायकल पुन्हा वर घेताना पुढचे चाक त्या कडेला घासते आणि मुलगी पडते, तीही वाहनांच्या बाजूला. म्हणून एकदा खाली उतरलेली मुलगी वर येतच नाही, काट्यांतूनच पुढे जाते. मुली 'पंक्चर' म्हणत होत्या तेव्हा त्या भीतीबद्दलच बोलत होत्या. आम्हाला ते ऐकू आले नाही.

पालक सभेत हीच गोष्ट आयांकडून आली. आमच्या एका सहकारी बाईंनी तेलुगूतून विचारले आणि एका अम्मांनी दिलेले उत्तर मराठीत असे होते: "सायकलची भीती नाही बाई, मागून येणाऱ्या गाडीची आहे. पोरगी घरी येईपर्यंत माझा हात विडीवर चालत नाही." सभेत त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. ज्या घरात हात चालला तरच चूल पेटते, त्या घरात मुलीला सायकलवर पाठवण्याची किंमत कशात मोजली जाते, हे मला त्या वाक्याने समजले.

सावली

शाळेच्या आवारातली एक बाब आमच्या हातात होती आणि ती आम्हाला लाजवणारी होती. सायकल स्टँडच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिक्षकांच्या दुचाकी उभ्या असत, माझीही. मुलींच्या सायकली भिंतीला लागून उन्हात असत. चाचांनी पंक्चरचे ठिगळ हातात घेऊन दाखवले, की सोल्युशनने चिकटवलेले ठिगळ दिवसभर तापलेल्या ट्यूबवर कडेने सुटते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, आणि मार्चमध्येही भिंतीलगतच्या फरशीवर हात ठेववत नाही. म्हणजे काट्याने पाडलेले भोक मुलीने पैसे देऊन बुजवायचे आणि ते शाळेच्या उन्हात पुन्हा उघडायचे, असे चालले होते.

शेड मुलींना द्यावी, हा प्रस्ताव शिक्षक सभेत मांडल्यावर सहज मान्य झाला नाही. दोन सभा झाल्या. काहींचे म्हणणे होते की सीट तापते, काहींचे की रंग उडतो, आणि या अडचणी खोट्या नव्हत्या. अखेर जानेवारीत, संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीनंतर, शेड रिकामी झाली आणि दुचाकी भिंतीला गेल्या. वर्षभरात आम्ही जे काही केले, त्यांत सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत अवघड काम हे होते असे माझे मत आहे. मुलींनी ते पाहिले. शपथेच्या दिवशी जो विश्वास आम्ही मागितला होता, तो मला त्या सोमवारी मिळाल्यासारखा वाटला.

शनिवारच्या अर्ध्या दिवसात चाचांनी मुलींना पंक्चर काढायला शिकवले. भोक शोधणे, पॉलिश पेपरने जागा खरखरीत करणे, सोल्युशन लावून ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबणे आणि मगच ठिगळ दाबणे. घाई करणाऱ्या मुलींची ठिगळे निघून आली आणि तेवढ्यानेच त्या शिकल्या. बाद झालेल्या ट्यूबची पट्टी कापून टायरच्या आत अस्तरासारखी बसवली, तर सराट्याचा आखूड काटा ट्यूबपर्यंत पोचत नाही, हा उपाय चाचांचाच. आपल्या धंद्यावर परिणाम होईल, याची काळजी त्यांना वाटत नाही का, असे मी विचारले होते. ते म्हणाले, सायकली रस्त्यावर आल्या तर चेन आहे, ब्रेकचे रबर आहे, रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणे आहे. घरी पडलेल्या सायकलीचे कसलेच काम निघत नाही. ओढणी मागच्या चाकात जाऊ नये म्हणून जाळी बसवणे आणि सीटची उंची बेतणे ही कामेही त्याच शनिवारांत झाली. दप्तर हँडलला अडकवू नये, कॅरिअरला बांधावे, हे मात्र सांगून झाले नाही. दोन मुली पडल्या तेव्हा झाले.

अर्ज

रस्त्याचे काम आमच्या हातात नव्हते, त्यासाठी मागणी करावी लागणार होती. आमचा पहिला अर्ज डिसेंबरमध्ये गेला. 'विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेसाठी सायकलस्वारांना योग्य त्या सुविधा पुरवाव्यात', असे त्यात लिहिले होते. त्याची पोच मिळाली आणि पुढे काहीच झाले नाही. आता तो वाचताना मला कार्यालयाला दोष द्यावासा वाटत नाही, कारण कोणी काय करावे हे त्या अर्जात कुठेच नव्हते.

दुसऱ्या अर्जापूर्वी आम्ही दहावीच्या मुलींना घेऊन शाळेपासून दोन्ही दिशांनी चाललो. साइडपट्टी कुठे किती खोल आहे ते पट्टीने मोजले, सराट्याचे पट्टे विजेच्या खांबांच्या क्रमांकांवरून नकाशावर उतरवले आणि मुली जिथे डांबर सोडतात त्या जागांवर खुणा केल्या. मागण्या तीन होत्या. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या सुमारास पाऊण-पाऊण तास जड वाहने त्या टप्प्यावर येऊ नयेत. ठरावीक खांबांच्या दरम्यान साइडपट्टी मुरूम टाकून डांबराच्या पातळीला आणावी. आणि तेवढ्या भागाची झाडलोट व्हावी. वाहनांवर वेळेचे निर्बंध घालण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ मध्ये उपकलम घालून पादचारी आणि यंत्राशिवाय चालणारी वाहने यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकारही राज्यांना दिलेला आहे. झाडलोटीसाठी आम्ही आणखी एक आधार दिला: २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांत सोलापूर आहे आणि रस्त्याची धूळ कमी करणे हा त्या कार्यक्रमाचाच भाग आहे. जी मातीची साय साइडपट्टीवर बसते तिच्यातच सराटा रुजतो, त्यामुळे एका झाडलोटीत दोन्ही कामे होतात.

नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्ते अपघातांत ३,००० हून अधिक माणसे गेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तिथल्या आईबापांनी त्यानंतर जे आंदोलन उभारले, त्याचे नावच 'बालहत्या थांबवा' असे होते. त्यांनी मुलांना सायकलची शपथ दिली नाही, सरकारकडे रस्ता मागितला. आज त्या देशाचे सायकलमार्ग जगभर दाखवले जातात. त्यांच्यामागे ती मागणी आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आमच्या अर्जावर मुलींबरोबर त्यांच्या आयांच्याही सह्या आणि अंगठे घेण्याचे सुचले, ते यामुळेच.

आतापर्यंतची स्थिती

फेब्रुवारीत सकाळच्या वेळी चौकात एक वाहतूक हवालदार उभे राहू लागले आणि ते जड वाहने चौकाच्या अलीकडे थांबवतात. संध्याकाळी अजून कोणी नसते. डिसेंबर-जानेवारीत शाळा सुटते त्या सुमारास अंधारून येते आणि उसाच्या कित्येक ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टरही नसतो, म्हणजे गरज खरी तेव्हाच असते. झाडलोट एकदा झाली. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत चाचांच्या झाकणात काटे कमी पडले, हे त्यांनी आपणहून येऊन सांगितले. मुरूम पडलेला नाही.

फेब्रुवारीअखेर शेडमध्ये सायकलींच्या दोन रांगा पूर्ण भरत आणि तिसरी सुरू होई. मार्चमध्ये सकाळची शाळा झाली, घरी परतण्याची वेळ भर दुपारी आली आणि तिसरी रांग पुन्हा रिकामी झाली. उन्हावर आमच्याकडे उत्तर नाही. वाटेत एका बाजूला लिंबाची झाडे आहेत, ती बाजू धरून यावे म्हटले तर उलट दिशेने चालवावे लागते, आणि तसे आम्ही कोणत्याही मुलीला सांगणार नाही. झाडे लावण्याचे काम या जूनमध्ये धरले आहे. त्यांची सावली पडेपर्यंत आताच्या मुली कॉलेजात गेलेल्या असतील.

नववीतली ती मुलगी, जिच्या उत्तराने हे सगळे सुरू झाले, अजून सायकलने येते. हवालदार असतात तेवढ्या टप्प्यात ती डांबरावरून येते आणि तिथून पुढे खाली उतरते. एप्रिलच्या पालक सभेनंतर तिच्या आईने चाचांच्या दुकानात जाऊन विचारले, की कॅरिअरवर विड्यांची टोपली बसेल अशी लोखंडी चौकट करून मिळेल का. सकाळी मुलगी शाळेत जायच्या आधी तासभर सायकल घरीच असते, आणि ब्रँच तर जवळच आहे. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो कष्टकरी बायका सायकल शिकल्या होत्या, हे मी त्या अम्मांना सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि चौकटीला किती दिवस लागतील, एवढेच पुन्हा विचारले.

तिसरा अर्ज एप्रिलअखेर दिला. त्यात नवीन मागणी एकच आहे: साइडपट्टीची झाडलोट दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सराटा वाळण्याच्या आणि गाळप सुरू होण्याच्या आधी व्हावी. आवक नंबर मिळाला आहे. उत्तर यायचे आहे.